हायब्रिड गाडीत इंजिन ऑइलची पातळी पुन्हा पुन्हा वाढत असेल तर : कारण, ऑइलची निवड आणि बदलण्याची पद्धत

ऑइल बदलून तीन-चार महिने झालेले असतात, गाडी जेमतेम दोन-अडीच हजार किलोमीटर चाललेली असते आणि डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजायची पट्टी) काढून पाहावी तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर गेलेले दिसते. पट्टी नाकाजवळ नेली की पेट्रोलचा वास येतो. डिसेंबर-जानेवारीत ऑइल भरण्याचे झाकण उघडले तर आतल्या बाजूला दुधाळ, कॉफीच्या रंगाचा थर धरलेला असतो. ऑइल काढून नवे भरले की काही आठवडे सगळे ठीक राहते आणि मग पुन्हा तेच सुरू होते. जळगाव, भुसावळ, धुळे, अमळनेर या भागांत स्ट्राँग हायब्रिड (इंजिन बंद ठेवून नुसत्या विजेच्या मोटारीवरही चालू शकणाऱ्या) गाड्या घेतलेल्या अनेकांची ही तक्रार आहे, आणि तिच्यावर जो उपाय सर्रास सुचवला जातो तो मूळ दुखणे वाढवणारा आहे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

तो उपाय असा असतो : आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, कंपनीचे हे ऑइल थंड देशांसाठी केलेले आहे, ते इथल्या उन्हात टिकत नाही, तेव्हा जरा जाड ऑइल टाका. ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० या पातळ ग्रेडच्या ऑइलचा कॅन फोडून मापात ओतताना मिस्तरी हमखास म्हणतो, ‘भाऊ, हाई तेल ते पानीनामायक पातय शे.’ पाहायला ते पातळ दिसते हे खरेच आहे. पण खानदेशात हायब्रिडचे ऑइल उन्हाने खराब होत नाही. इंजिन पुरेसे तापतच नाही, म्हणून ते खराब होते. ही एक गोष्ट नीट समजली की ऑइल कोणते घ्यावे, कधी बदलावे आणि मधल्या काळात गाडी कशी चालवावी, हे सगळे प्रश्न तिच्यातूनच सुटत जातात.

पातळी खरोखर वाढली आहे का?

निदानाआधी ही खात्री करून घ्यावी, कारण तक्रारींपैकी बऱ्याचशा इथेच मिटतात. ऑइलचा कॅन बहुधा ४ लिटरचा मिळतो आणि लहान इंजिनाला फिल्टर धरूनही बहुतेक वेळा त्याहून कमी ऑइल लागते. उरलेले ऑइल परत देण्यापेक्षा पूर्ण कॅन रिकामा करण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. अशा गाडीत पातळी पहिल्या दिवसापासूनच वर असते. ती वाढलेली नसते, मुळातच जास्त भरलेली असते. म्हणून ऑइल बदलून गाडी घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी सपाट जागेवर पातळी पाहून तिचा फोटो तारखेसह ठेवावा. पुढची प्रत्येक तुलना त्या फोटोशी करावी.

पातळी पाहण्याची रीतही एकच असावी. गाडी चढ-उतारावर नसावी, इंजिन एकदा पूर्ण तापून गेलेले असावे, गाडी बंद करून निदान पाच-दहा मिनिटे गेलेली असावीत. पट्टी काढून पुसावी, पूर्ण आत घालून पुन्हा काढावी आणि मगच वाचावी. एकदा सकाळी थंड इंजिनावर आणि एकदा संध्याकाळी गरम इंजिनावर पाहिले तर आकडे जुळणार नाहीत आणि नसलेला दोष दिसू लागेल.

इथे हायब्रिडपुरती एक सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. डॅशबोर्डवर ‘रेडी’ ही खूण पेटलेली असेल तर इंजिन शांत असले तरी गाडी बंद नसते. बॅटरीचा चार्ज थोडा उतरला की इंजिन कोणालाही न विचारता सुरू होते. बॉनेट उघडण्यापूर्वी गाडी पूर्ण बंद करावी आणि स्मार्ट चावी गाडीपासून दूर, शक्यतो घरात ठेवावी. नारिंगी आवरणाच्या जाड केबल उच्च दाबाच्या विजेच्या असतात. ऑइलच्या कामात त्यांना हात लावण्याची गरज पडत नाही आणि लावूही नये.

मूळ कारण

२०२२ साली हायरायडर, ग्रँड व्हिटारा, होंडा सिटीची हायब्रिड आवृत्ती आणि वर्षअखेरीस इनोव्हा हायक्रॉस अशा गाड्या पाठोपाठ आल्या, आणि स्ट्राँग हायब्रिड हा प्रकार आपल्या तालुक्यांच्या गावांपर्यंत पोहोचला. या गाड्यांत विजेची मोटार एकटीच गाडी ओढू शकते, त्यामुळे गावातल्या संथ वाहतुकीत इंजिन बराच वेळ बंदच असते. अॅव्हरेज चांगला मिळतो तो याचमुळे. परंतु इंजिन जेव्हा सुरू होते तेव्हा ते बहुतेक वेळा थंड किंवा अर्धवट तापलेले असते. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून संगणक थोडे जास्त पेट्रोल सोडतो. त्यातले काही न जळता सिलिंडरच्या भिंतीवर राहते आणि पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठते त्या भागात, उतरते. त्याचबरोबर पेट्रोल जळताना पाणीही तयार होते. त्याची वाफ थंड चेंबरमध्ये जाऊन थेंबांच्या रूपाने ऑइलमध्ये मिसळते.

हे प्रत्येक पेट्रोल इंजिनात घडते. साध्या गाडीत पुढच्या अर्ध्या तासात ऑइल शंभर अंशांच्या आसपास तापते, पेट्रोलचा हलका भाग आणि पाणी वाफ होऊन निघते, आणि पीसीव्ही झडपेतून ती वाफ पुन्हा इंजिनात ओढली जाऊन जळून जाते. हायब्रिडमध्ये हा अर्धा तास येतच नाही. इंजिन दोन मिनिटे चालते, बंद होते, थोडे निवते, पुन्हा दीड मिनिट चालते. प्रत्येक वेळी ऑइलमध्ये थोडी भर पडते आणि बाहेर काहीच जात नाही. २०२३ पासून पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल टप्प्याटप्प्याने येऊ लागले, त्याचाही इथे संबंध आहे. इथेनॉलची वाफ होण्यासाठी पेट्रोलपेक्षा जास्त उष्णता लागते आणि ते पाण्याला धरून ठेवते, त्यामुळे न तापलेल्या इंजिनात ऑइलला दुधाळपणा येण्यास मदतच होते.

जळगावातील एका कापड व्यापाऱ्याची गाडी मी याच तक्रारीसाठी पाहिली. घर ते दुकान हे अंतर तीन किलोमीटरच्या आत, दिवसातून चार फेऱ्या, रविवारी गाडी जागेवर. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेपासून करंगळीच्या नखाइतके वर चढलेले होते. एक थेंब पांढऱ्या टिपकागदावर सोडला. मधोमध तपकिरी डाग राहिला आणि त्याच्याभोवती फिकट, पारदर्शक कडे पसरत गेले. त्या कड्याला पेट्रोलचा स्पष्ट वास होता. ही कागदाची चाचणी प्रयोगशाळेचा पुरावा नव्हे, पण वास आणि वाढलेली पातळी यांच्या जोडीला ती पुरेशी बोलकी ठरते. गाडीत यांत्रिक दोष काहीही नव्हता. गाडी जशी वापरली जात होती, त्याचा तो सरळ परिणाम होता.

उन्हाळ्यात याला आणखी एक गोष्ट हातभार लावते. या गाड्यांचा एसी विजेवर चालतो. शाळेबाहेर किंवा बाजारात सावली शोधून, एसी लावून माणसे गाडीत बसून राहतात. बॅटरी उतरली की इंजिन चालू, भरली की बंद. बाहेर ४४ अंश असले तरी ऑइलच्या दृष्टीने हे थंडच चालणे असते. त्यामुळे पातळी वाढण्याची तक्रार केवळ हिवाळ्यातच येते असे नाही. मे महिन्यातही ती येते, फक्त झाकणाखालचा दुधाळ थर तेव्हा दिसत नाही.

नुसत्या सिग्नलला इंजिन बंद करणाऱ्या माइल्ड हायब्रिड गाड्यांत हा त्रास बराच कमी असतो, कारण तिथे गाडी चालते तेव्हा इंजिनही चालतेच.

जाड ऑइल का नको

०डब्ल्यू-२० मधला पहिला भाग थंडीतले वर्तन सांगतो आणि दुसरा भाग १०० अंश सेल्सिअसला ऑइल किती दाट राहते ते सांगतो. ‘०डब्ल्यू म्हणजे काश्मीरसाठी’ हा समज इथूनच निघाला आहे. वस्तुतः इंजिनाच्या लेखी आपला उन्हाळाही थंडच असतो. ४० अंशांना ०डब्ल्यू-२० ऑइल हे १०० अंशांना असते त्याच्या साधारण पाचपट दाट असते, आणि त्याच ४० अंशांना २०डब्ल्यू-५० ऑइल ०डब्ल्यू-२० च्या साधारण चौपट दाट असते. म्हणजे भर वैशाखात उन्हात उभ्या असलेल्या गाडीतही जाड ऑइल सुरुवातीला बेअरिंगपर्यंत आणि वरच्या कॅमशाफ्टपर्यंत सावकाशच पोहोचते. साध्या गाडीत ही अडचण सकाळी एकदा येते. हायब्रिडमध्ये इंजिन एकाच फेरीत अनेक वेळा बंद होऊन पुन्हा सुरू होते, म्हणून लवकर पोहोचणारे ऑइल ही तिथे चैन नसून गरज आहे.

इंजिन पूर्ण तापल्यावर ऑइलचे तापमान मुख्यतः थर्मोस्टॅट (कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, वाट तापमानानुसार उघडणारी झडप) आणि रेडिएटर ठरवतात. बाहेरचे तापमान १० अंश असो की ४५, ते साधारण एकाच पट्ट्यात राखण्यासाठीच ती व्यवस्था असते. रेडिएटर धुळीने किंवा जिनिंगच्या परिसरात उडणाऱ्या कापसाच्या तंतूंनी बुजलेला नसावा एवढी काळजी मात्र घेतली पाहिजे. इंजिन जास्त तापत असेल तर तिथे पाहावे, ऑइल जाड करू नये. या इंजिनांतील बेअरिंगच्या फटी, ऑइल पंप आणि व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा हे सगळे पातळ ऑइल गृहीत धरूनच आखलेले असते. जाड ऑइल टाकल्याने इंजिन लगेच बंद पडत नाही, आणि म्हणूनच ‘काही होत नाही’ असे सांगणारे भेटतात. परंतु अॅव्हरेज घसरतो, आणि पेट्रोल मिसळण्याचे मूळ कारण जसेच्या तसे राहते. पेट्रोल मिसळून जाड ऑइलही पातळ होणारच. फक्त ते दिसायला उशीर लागतो.

कॅनवर काय पाहावे

सर्वांत आधी गाडीची पुस्तिका पाहावी, दुकानदाराचे मत त्यानंतर. बहुतेक स्ट्राँग हायब्रिड गाड्यांना ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० सांगितलेले असते. टोयोटाच्या पुस्तिकांमध्ये ०डब्ल्यू-१६ न मिळाल्यास ०डब्ल्यू-२० वापरण्याची मुभा असते, पण पुढच्या बदलाला पुन्हा ०डब्ल्यू-१६ कडे यावे अशी अटही असते. शिरपूर, शहादा किंवा रावेरसारख्या ठिकाणी ०डब्ल्यू-१६ ताबडतोब मिळेलच असे नाही, म्हणून तारीख जवळ आली की जळगाव-धुळ्याहून आधीच मागवून ठेवणे बरे.

दर्जासाठी एपीआय (ऑइलची प्रत ठरवणारी अमेरिकी संस्था) एसपी किंवा त्यानंतरचा एसक्यू ही अक्षरे पाहावीत. २०२० साली आलेल्या आयएलसॅक (वाहन उत्पादकांची ऑइलविषयक समिती) जीएफ-६ मानकात ०डब्ल्यू-१६ साठी जीएफ-६बी हा स्वतंत्र वर्ग आहे आणि त्याचे चिन्ह ढालीच्या आकाराचे असते. ०डब्ल्यू-२० वगैरेंसाठी जीएफ-६ए आहे आणि त्याचे चिन्ह सूर्यकिरणांसारख्या टोकांचे असते. कॅनवर ‘हायब्रिड’ असे मोठ्या अक्षरांत छापले आहे एवढ्यावर जाऊ नये. ग्रेड आणि मानक जुळते का, हेच निर्णायक आहे.

ट्रॅक्टर आणि पिकअपसाठी गॅरेजमध्ये ठेवलेल्या ड्रममधील सुटे १५डब्ल्यू-४० ऑइल या गाडीत टॉपअप म्हणूनही घालू नये. ते डिझेल इंजिनासाठीचे असते. कॅन आपल्यासमोर फोडला जावा, सीलची पट्टी अखंड असावी, बॅच क्रमांक आणि तारीख खोडलेली नसावी. रिकामा कॅन झाकणासकट जागेवरच सोडू नये. त्याला भोक पाडूनच टाकावा, कारण नकली ऑइल भरणाऱ्यांना चांगल्या कंपनीचा रिकामा कॅनच हवा असतो.

किती दिवसांनी बदलावे

‘इंजिन निम्माच वेळ चालते, मग ऑइल दुप्पट टिकेल’ हा हिशेब ऐकायला पटतो, पण वर सांगितलेल्या कारणाने तो चुकतो. आपल्याकडे बहुतेक गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा १२ महिने, यांपैकी जे आधी येईल ते, असे अंतर दिलेले असते. त्यातला ‘महिने’ हा शब्द हायब्रिडवाल्यांनी गंभीरपणे घ्यावा. रोजची धाव पाच किलोमीटरच्या आत असेल आणि महामार्गावर गाडी क्वचितच जात असेल, तर ५,००० किलोमीटर किंवा सहा महिने हाच हिशेब धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. छोट्या फेऱ्या आणि धूळ या दोन्ही गोष्टी पुस्तिकांमध्ये ‘कठीण वापर’ या सदरात मोडतात आणि खानदेशात त्या दोन्ही एकत्र असतात. सहामाहीचा एक बदल दिवाळीनंतर न करता हिवाळा सरताना, फेब्रुवारीत करावा, म्हणजे थंडीत साचलेले पेट्रोल आणि पाणी एकदम बाहेर पडते. एअर फिल्टरही त्याच वेळी पाहावा. तो चोंदला किंवा नीट बसला नाही तर बारीक धूळ शेवटी ऑइलमध्येच येऊन मिळते.

बदलताना

वॉरंटीतील गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच न्यावी. वॉरंटी संपल्यावर ओळखीच्या गॅरेजमध्ये करायचे असेल तर पुढच्या गोष्टींवर स्वतः लक्ष ठेवावे.

ऑइल गरम असताना काढावे. इथे हायब्रिडची अडचण अशी की, जागेवर उभे राहून इंजिन हवे तेवढे चालू ठेवता येत नाही. ते आपोआप बंद होते. त्यासाठी गाड्यांत मेंटेनन्स मोड असतो आणि अधिकृत तंत्रज्ञाला तो लावता येतो. घरच्या माणसाने त्या भानगडीत न पडता वीस-पंचवीस किलोमीटर महामार्गावर गाडी चालवून थेट गॅरेजमध्ये आणावी. मग गाडी पूर्ण बंद, चावी दूर. फक्त जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. रॅम्प किंवा पक्के स्टँड हवेत.

खालचे प्लास्टिकचे आवरण काढल्यावर ऑइल सोडण्याचा नट (ड्रेन प्लग) उघडण्याआधी एकदा थांबून खात्री करावी. हायब्रिड गाडीत इंजिनाच्या चेंबरजवळच, मोटार आणि गिअर ज्यात असतात त्या ट्रान्सअॅक्सलचाही ड्रेन प्लग असतो. घाईत तो उघडला की गिअरचे ऑइल खाली जाते, इंजिनाचे जुने ऑइल आतच राहते आणि त्यावर नवे ओतले जाते. या एका चुकीने पातळी एकदम कितीतरी वर जाते आणि ट्रान्सअॅक्सल कोरडा पडून मोठे नुकसान होते. इंजिनाचे वापरलेले ऑइल तपकिरी-काळे असते. ट्रान्सअॅक्सलचे बरेच स्वच्छ दिसते. काळ्याऐवजी स्वच्छ ऑइल पडू लागले तर तिथेच थांबावे. वरच्या बाजूलाही असाच घोळ होतो : अनेक हायब्रिड गाड्यांत इन्व्हर्टरच्या (बॅटरीची वीज मोटारीला पुरवणाऱ्या यंत्राच्या) कूलंटची टाकी वेगळी असते आणि तिच्यात इंजिनासाठीचे काहीही किंवा साधे पाणी घालायचे नसते.

ऑइल पूर्ण निथळू द्यावे, घाई करू नये. चेंबर नटचा वॉशर दर वेळी नवा घालावा आणि नट पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कला आवळावा. जोर लावून आवळलेल्या नटाने अॅल्युमिनियमच्या चेंबरचे आटे जातात. फिल्टर प्रत्येक बदलाला नवा हवा. नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला थोडे ऑइल लावून तो बसवावा, आणि जुने कडे इंजिनाला चिकटून राहिलेले नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. पुस्तिकेतील मापापेक्षा थोडे कमी भरून सुरुवात करावी, इंजिन चालवून गळती पाहावी, दहा मिनिटे थांबून पट्टी वाचावी आणि मग उरलेले घालावे. वरच्या खुणेच्या किंचित खाली पातळी ठेवणे हायब्रिडसाठी हिताचे, कारण ती पुढे थोडी वाढणार हे गृहीतच आहे. पातळी फार वर गेल्यास फिरणारा क्रँकशाफ्ट ऑइलला आपटून फेस काढतो, आणि फेसाळ ऑइल बेअरिंगला नीट आधार देत नाही.

काढलेले ऑइल नालीत किंवा शेताच्या बांधावर ओतू नये, आणि वाळवीसाठी घराच्या लाकडाला लावायलाही देऊ नये. ते घातक कचऱ्यात मोडते. जुने ऑइल गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडेच ते जावे.

दोन बदलांच्या मधल्या काळात

आठवड्यातून एकदा गाडीला सलग मोकळी धाव द्यावी. जळगावकरांनी भुसावळपर्यंत जाऊन परत यावे, धुळेकरांनी सोनगीरपर्यंत. निदान अर्धा तास, साधारण ७०-८० च्या वेगाने. या वेगात इंजिनाला पुरेसे काम मिळते आणि ऑइल खऱ्या अर्थाने तापते. धुळ्याकडून लळिंगचा किंवा चाळीसगावकडून कन्नडचा घाट चढणे तर फारच उत्तम, कारण चढावर इंजिन बंद होण्याची संधीच मिळत नाही. एका फेरीने सगळे पेट्रोल उडून जाईल असे नाही. त्याचा जड भाग ऑइलमध्येच राहतो आणि तो ऑइल बदलल्यावरच जातो. परंतु पातळी वाढण्याचा वेग या सवयीने स्पष्टपणे मंदावतो. त्या व्यापाऱ्याच्या गाडीला हाच उपाय सांगितला होता. पुढच्या सहामाहीत पातळी खुणेच्या आतच राहिली.

एवढे करूनही पातळी वाढतच असेल

तेव्हा मात्र यांत्रिक दोष शोधावा लागतो. थर्मोस्टॅट उघडाच अडकला असेल तर महामार्गावरही इंजिन पूर्ण तापत नाही. तापमानाचा काटा असलेल्या गाडीत तो मध्यापर्यंत पोहोचायला फार वेळ लावतो, आणि इंजिन नेहमीपेक्षा जास्त वेळ चालू राहून अॅव्हरेजही घटतो. एखादा इंजेक्टर बंद स्थितीतही पेट्रोल गाळत असेल तर सकाळी गाडी थरथरत सुरू होते. पीसीव्ही झडप चोंदली असेल तर वाफेला बाहेर पडायला वाटच राहत नाही. या तिन्ही गोष्टी सर्व्हिस सेंटरमध्ये नाव घेऊन तपासायला सांगाव्यात, कारण ‘ऑइल वाढते’ एवढेच सांगितले तर ऑइल बदलून गाडी परत मिळते.

झाकणाखालचा दुधाळ थर आणि डिपस्टिकवरचे दुधाळ ऑइल यांत फरक करावा. थर फक्त झाकणाला असेल, पट्टीवरचे ऑइल स्वच्छ असेल आणि कूलंट कमी होत नसेल, तर ते थंडीतले बाष्प आहे; झाकण पुसून गाडीला लांब धाव द्यावी. पट्टीवरचे ऑइलही दुधाळ असेल, कूलंटची टाकी वारंवार उतरत असेल, किंवा इंजिन तापल्यानंतरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहत असेल, तर हेड गॅस्केटमधून (इंजिनाच्या वरच्या सांध्यातील पातळ थरातून) कूलंट ऑइलमध्ये येत असण्याची शक्यता धरावी. अशा गाडीचे इंजिन पुन्हा सुरू करू नये आणि ‘रेडी’वरही ठेवू नये. ती ओढून न नेता सपाट ट्रकवर चढवूनच सर्व्हिस सेंटरला न्यावी, कारण पुढची चाके जमिनीवर फिरत राहिली तर मोटारही फिरते आणि वीज तयार होते.